आकाश शिकवणे हेही शास्त्रज्ञाचेच काम

डॉ. जयंत नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा अग्रलेखांतून आणि शोकसभांतून त्यांच्या आयुष्याची मांडणी बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने झाली. आधी केंब्रिज, तेथील गुरू फ्रेड हॉएल आणि त्यांच्यासह मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत. मग वयाच्या सव्विसाव्या वर्षी मिळालेले पद्मभूषण. मग पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. आणि शेवटी, एवढे मोठे संशोधक असूनही ते मराठीत लिहीत, शाळकरी मुलांच्या पत्रांना उत्तरे देत, याबद्दलची कृतज्ञता. या मांडणीतला आदर खरा होता. पण संशोधन हे शास्त्रज्ञाचे काम आणि लोकांना शिकवणे हा त्याच्या स्वभावाचा मोठेपणा, असे एक गृहीतक तिच्या तळाशी होते, आणि ते मला मान्य नाही. नारळीकरांच्या चरित्रात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. जोवर आपली विद्यापीठे, महाविद्यालये आणि शासन लोकशिक्षणाची नोंद स्वभावाच्या चांगुलपणात करत राहतील, तोवर नागपूरसारख्या शहरात असे काम उभे राहणे केवळ योगायोगावर अवलंबून राहील.

त्यांच्या कारकिर्दीची सुरुवातच एका जाहीर वादाने झाली, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. १९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजचेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणनेच्या आधारे असा दावा केला की विश्व सदैव सारखेच राहते हा हॉएल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत निरीक्षणांच्या कसोटीवर टिकत नाही. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत या दाव्याला उत्तर देण्याची जबाबदारी, हॉएल स्वतः उपस्थित राहू शकत नसल्यामुळे, त्यांच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर, म्हणजे नारळीकरांवर आली. समोर ज्येष्ठ निरीक्षक, विषय वृत्तपत्रांपर्यंत पोचलेला, आणि वेळ मोजका. आपले गणित दुसऱ्याला पटेल अशा क्रमाने, विरोधकाच्या मुद्द्याला बगल न देता मांडण्याची जी सवय पुढे त्यांच्या मराठी लेखांत आणि व्याख्यानांत दिसली, तिचा सराव अशा सभांतून झालेला होता. ज्याला आपण लोकशिक्षणाचे कौशल्य म्हणतो, ते विज्ञानाच्या अंतर्गत व्यवहारातलेच कौशल्य आहे; फक्त श्रोते बदलतात.

१९६३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९६४ साली हॉएल-नारळीकर सिद्धांत प्रसिद्ध झाला. पदार्थाचे जडत्व हा त्याचा स्वतःचा गुण नसून विश्वातल्या इतर सर्व पदार्थाशी असलेल्या त्याच्या नात्यातून ते निर्माण होते, ही अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाची कल्पना गुरुत्वाकर्षणाच्या गणितात आणण्याचा तो प्रयत्न होता. १९७२ मध्ये ते केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यानंतर दोनच वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पद्मभूषण मिळालेला, केंब्रिजमध्ये नाव कमावलेला प्राध्यापक स्पर्धेत इतरांच्या रांगेत उभा राहतो आणि आपले लेखन नावाशिवाय तपासून घेतो, यातून त्या लेखनाकडे तो किती गंभीरपणे पाहत होता हे कळते. विरंगुळा म्हणून लिहिणाऱ्याला अशी परीक्षा द्यायची गरज भासत नाही.

भाषेच्या बाबतीत तर त्यांचे उदाहरण आपल्या अनेक सबबी मोडीत काढते. कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेले नारळीकर वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, आई सुमतीबाई संस्कृतच्या अभ्यासक. शाळा हिंदी माध्यमाची, पदवी बनारसची, पुढचे शिक्षण आणि संशोधन इंग्रजीत. मराठी होती ती घरातली. तरीही खगोलशास्त्रावर, गणितावर आणि विज्ञानाच्या पद्धतीवर त्यांनी नितळ मराठी लिहिले, आत्मचरित्रासाठी २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला आणि २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. आमचे शिक्षण इंग्रजीत झाले, त्यामुळे विज्ञान मराठीत सांगता येत नाही, असे आम्ही नागपुरातले प्राध्यापक सहज म्हणून जातो, तेव्हा आम्ही खरे तर एवढेच सांगत असतो की आम्ही तसा प्रयत्न केलेला नाही. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. काटोल, उमरेड, गोंदिया, गडचिरोलीहून आलेली मुले वर्गात गप्प असतात आणि तास संपल्यावर व्हरांड्यात गाठून मराठीत असे प्रश्न विचारतात की त्यांची उत्तरे देताना मला पुन्हा पुस्तक उघडावे लागते. ज्या भाषेत प्रश्न सुचतो, ती भाषा वर्गाबाहेर ठेवून आपण नेमके काय साधतो, याचा विचार माझ्यासकट सगळ्याच शिक्षकांनी करायला हवा.

नारळीकरांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीचा, म्हणजे महास्फोटाची खूण मानल्या गेलेल्या सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाचा शोध जाहीर केल्यानंतर बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी मात्र हॉएल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिर स्थितीचे एक सुधारित प्रारूप मांडले, ज्यात विश्व दीर्घ कालावधीत प्रसरण पावत असतानाच मध्ये मध्ये आंदोलनेही घेते. ते प्रारूप बहुसंख्यांनी स्वीकारले नाही. मग ज्याचे मत बहुसंख्य तज्ज्ञांना मान्य नव्हते, त्याला विज्ञानशिक्षणाचा आदर्श कसे मानायचे?

माझ्या मते त्यांची शिक्षक म्हणून असलेली योग्यता येथेच सर्वाधिक दिसते. महास्फोटाची बाजू काय आहे, तिला आधार देणारी निरीक्षणे कोणती, आपण त्यांचा वेगळा अर्थ कसा लावतो आणि आपले प्रारूप कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरू शकेल, हे ते वाचकापुढे ठेवत असत. पर्यायी मत मांडणारा शास्त्रज्ञ आणि विज्ञानच नाकारणारा बोलघेवडा या दोघांत फरक नेमका कुठे असतो, हे आज आपल्या विद्यार्थ्यांना कळणे फार आवश्यक झाले आहे. कारण मोबाइलवर येणारा प्रत्येक खोटा दावा ‘प्रस्थापित विज्ञानाला आव्हान’ असा वेष घेऊन येतो. आव्हान देणाऱ्याने आपली पराभवाची अट आधीच सांगितली आहे का, हा प्रश्न विचारायला मुलगी किंवा मुलगा शिकला, तर त्याला कोणत्याही विषयात फसवणे अवघड जाते. पाठ्यपुस्तकात निकाल लागलेलेच वाद असतात. निकाल आपल्याविरुद्ध झुकत असताना सभ्यपणे आणि आकडेवारीनिशी वाद कसा घालायचा, हे जिवंत माणसाकडूनच शिकता येते.

हीच अट त्यांनी फलज्योतिषालाही लावली. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे धोरण आणले, तेव्हा नारळीकर आयुकाचे संचालक होते, आणि आयुका ही त्याच आयोगाने स्थापलेली संस्था होती. तरीही त्यांनी त्या धोरणाला जाहीर विरोध केला. पण केवळ विरोध नोंदवून ते थांबले नाहीत. पुढे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी एक चाचणी आखली. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या गेल्या. ज्योतिषांना आवाहन करण्यात आले, प्रत्येकाला त्यांतल्या ४० कुंडल्या यदृच्छेने निवडून पाठवण्यात आल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली एवढेच सांगायचे होते. नाणे उडवून उत्तर दिले तरी सरासरी निम्मी उत्तरे बरोबर येतील. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या यशाचे प्रमाण ४६ टक्के निघाले. २००९ मध्ये हा निबंध ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

या चाचणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची सभ्यता. ज्योतिषांना कोणी हिणवले नाही, कोणाच्या श्रद्धेची टिंगल केली नाही. त्यांचाच दावा घेतला, त्यांनाच सहभागी करून घेतले आणि निकाल काय लागला तर काय मानायचे हे आधी ठरवले. बारावी झालेल्या कोणत्याही मुलाला यामागचे गणित समजते. अंधश्रद्धेविरुद्धचे आपले बरेचसे बोलणे आवाज चढवून केलेले असते आणि ते आधीच पटलेल्यांपुढे होते. नारळीकरांच्या पद्धतीत समोरच्याला विचार बदलायला जागा मिळते.

विदर्भाला ही पद्धत परकी नाही. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची मालिका असे. ते समोरच्या शेतकऱ्याला वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत, उत्तर त्याच्याच तोंडून काढत आणि त्या उत्तरातून नवसाची, बळीची, कर्जाची विसंगती त्यालाच दाखवून देत. ज्यांचे नाव आमच्या विद्यापीठाला दिले आहे त्या तुकडोजी महाराजांनीही खंजिरीच्या साथीने गावाच्या स्वच्छतेपासून शिक्षणापर्यंतचे विषय लोकांपुढे नेले. नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत आणि सही उत्तराखाली करत. दोन्हींचे मूळ एकच, असा दावा मी करत नाही. पण प्रश्नातून शिकवण्याची जी रीत आपल्या मातीत आहे, तिच्याशी विज्ञानशिक्षणाचे नाते जोडण्याऐवजी आपण ते इंग्रजी टिपणांशी आणि परीक्षेच्या गुणांशी जोडून ठेवले आहे, हे मात्र ठामपणे म्हणेन.

या उणिवेची किंमत किती, हे २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी दिसले. गुढीपाडव्याचा दिवस होता. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ठिणग्यांच्या समांतर रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे येऊन पडले. उल्कापातापासून परग्रहवासीयांपर्यंत आणि शत्रूच्या हल्ल्यापर्यंत सगळ्या शक्यता त्या रात्री फोनवरून फिरल्या. वस्तुतः पाहणाऱ्याच्या स्वतःच्या निरीक्षणातच बरेचसे उत्तर होते. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने येतात आणि बहुतेक वेळा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझतात. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून खाली येणारे अवशेष सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने, जवळजवळ आडवे येतात आणि तुटत तुटत मिनिटभरही दिसत राहतात. ती एका चिनी अग्निबाणाची राहिलेली शेवटची अवस्था असावी, असे अभ्यासकांनी नंतर सांगितले. हौशी आकाशनिरीक्षकांनी त्या रात्री लोकांना समजावण्याची खटपट केली, आणि त्यांचे आभारच मानायला हवेत. पण एवढ्या मोठ्या प्रदेशात असा प्रसंग आल्यावर अधिकाराने, ताबडतोब आणि मराठीत बोलणे हे ज्याच्या नेमणुकीच्या कामात लिहिलेले आहे, असा माणूस कोण, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नव्हते.

येथे मी मूळ मुद्द्यावर येतो. महाविद्यालयीन शिक्षकाच्या पदोन्नतीच्या हिशेबात पारडे शोधनिबंधांकडे झुकलेले असते. वाचकांपर्यंत न पोचणाऱ्या नियतकालिकात पैसे भरून छापलेला निबंधही काही काळ त्या हिशेबात चालून गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षभर दर महिन्याला जाऊन मुलांना सूर्यावरचे डाग सुरक्षितपणे दाखवणाऱ्या शिक्षकाच्या हाती मात्र प्रमाणपत्र आणि श्रीफळ यापलीकडे फारसे लागत नाही. मग तरुण प्राध्यापकाने काय करावे? तो हुशार असतो आणि कुटुंब चालवत असतो. ज्याला मोल आहे तेच तो करतो. त्याला दोष देण्याआधी मोजमाप बदलायला हवे. मराठीतले विज्ञानलेखन, शाळांबरोबरचे सलग काम, सार्वजनिक निरीक्षणाचे कार्यक्रम यांचे शोधनिबंधाइतक्याच कठोरपणे परीक्षण व्हावे आणि चांगल्या कामाला शोधनिबंधाइतकेच मोल मिळावे. कठोरपणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण सोपे करून सांगताना चुकीचे सांगणे फार सहज घडते आणि त्याची तपासणी आज कोणीच करत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: नारळीकर अपवाद होते, अपवादावरून धोरण बनत नाही. पण त्यांनी स्वतः उभे केलेले काम पाहिले तर हा युक्तिवाद टिकत नाही. १९८८ मध्ये, यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, आयुकाची स्थापना झाली आणि २००३ पर्यंत नारळीकर तिचे संचालक होते. चांगले संशोधन स्वतंत्र संस्थांत आणि शिकवणे विद्यापीठांत, अशी जी फाळणी देशात झाली होती, तिच्यामुळे दोघांचेही नुकसान झाले, असे त्यांचे मत होते. म्हणून आयुका ही देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना येऊन काम करता यावे, ग्रंथालय, संगणक आणि दुर्बिणी वापरता याव्यात, अशा रचनेने उभी राहिली. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने तेथे नियमितपणे होऊ लागली आणि पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या साहाय्याने मुलांच्या प्रयोगांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. असामान्य माणसाने सामान्य शिक्षकाला काम करता यावे म्हणून वेळापत्रक, इमारत आणि पद निर्माण केले. युनेस्कोचे कलिंग पारितोषिक त्यांना १९९६ मध्ये मिळाले ते व्यक्ती म्हणून. पण त्यांच्यामागे टिकले आहे ते वेळापत्रक.

प्रत्येक संशोधकाने लोकांसाठी लिहिलेच पाहिजे, अशी सक्ती मी सुचवत नाही. काहींना ते जमत नाही, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून ते करून घेतल्यास वाचक आणि विज्ञान दोघांचेही नुकसान होते. संशोधनाचा वेळ खर्ची पडतो हेही खरे. पण ज्यांना जमते आणि करावेसे वाटते, त्यांना आज आपण जी शिक्षा देतो, ती थांबवण्याच्या आड कोणताही नियम येत नाही. इंटरनेटवर सगळे उपलब्ध आहे, मग शिक्षक कशाला, हा आक्षेपही लाडबोरीच्या रात्रीनंतर फारसा विचारात घ्यावा असे मला वाटत नाही.

नागपूरकडे या कामासाठी लागणारी साधने मुबलक आहेत. गांधीसागराजवळचे रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून सुरू आहे आणि त्याचे तारांगण १९९७ पासून. ज्यांचे नाव त्याला दिले ते रामन अर्थखात्यातल्या नोकरीच्या काळात काही दिवस याच शहरात होते. विद्यापीठाने २०२३ मध्ये शताब्दी साजरी केली आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन येथे भरवले. पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. बेसाल्ट खडकात अवकाशातून आलेल्या वस्तूच्या आघाताने झालेली इतकी चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि ते ज्वालामुखीचे की आघाताचे हा जुना वाद तेथील खडकांच्या पुराव्यावर सुटला, ही गोष्ट सहलीला जाणाऱ्या मुलाला मंदिरांच्या माहितीइतकीच सांगितली जायला हवी. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी बारा वाजून दहा-अकरा मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा शाळा बंद असतात आणि जुलैत तो योग पुन्हा येतो तेव्हा बहुधा ढग असतात. म्हणूनच हा प्रयोग सुट्टीत घरच्या गच्चीवर करण्यासाठी कोणीतरी मुलांना एप्रिलमध्येच हाती द्यायला हवा.

आणि जानेवारी २०२४ पासून आपल्याकडे पेंच आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणारे क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया आणि खापा परिसरातले दिवे जमिनीकडे वळवण्यात आले. नागपूरच्या पोरांना आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी पाहायचा असेल तर आता दूर लडाखला जायची गरज नाही. या भागातल्या गोंड गावांचे स्वतःचे आकाशही आहे: सप्तर्षींच्या चौकोनात म्हातारीची खाट आणि मागच्या तीन ताऱ्यांत ती पळवायला आलेले चोर, मृगात शेतकऱ्याचा नांगर. टाटा संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञाने विदर्भातल्या गावांत हिंडून या कथा नोंदवल्या आहेत. वाघ दाखवणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणींना आकाश दाखवण्याचे रीतसर प्रशिक्षण विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने द्यावे, त्यासाठी दोन शिक्षकांना वर्षभराच्या अध्यापनभारातून तेवढे तास मोकळे करावेत, अभ्यासक्रम मराठीत आणि गोंडीत तयार व्हावा, त्याला तारांगणाची जोड असावी आणि हे काम त्या शिक्षकांच्या पदोन्नतीत धरले जावे. वन विभाग, विद्यापीठ आणि विज्ञान केंद्र या तिन्ही संस्था सार्वजनिक पैशावर चालतात. खर्च मोठा नाही आणि जागा तयार आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या कार्यभाराची वाटणी करताना हे तास लिहून ठेवले, तर पुढच्या हिवाळ्यात, आकाश सर्वांत स्वच्छ असते तेव्हा, पहिली तुकडी कामाला लागू शकते.